डाग काढायचा, बोलायचा नाही

खाली लाँड्री आणि वर घर, अशी त्या कुटुंबाची मांडणी होती. सकाळी शटर वर गेलं की सगळ्यात आधी मागच्या खोलीत कपडे निवडायचं काम सुरू व्हायचं. हॉटेलांच्या चादरी एकीकडे, दवाखान्याचे ऍप्रन दुसरीकडे, गिऱ्हाइकांचे घरगुती कपडे तिसरीकडे. आणि सगळ्यात शेवटी घरच्यांचं बोचकं. हे काम लग्न होऊन आल्यापासून थोरल्या सुनेकडे होतं. तिला सगळे थोरलीच म्हणत.

लाँड्रीची मालकी सासूबाईंची. नवरा गेल्यावर त्यांनी हा धंदा एकटीने उभा केला आणि दोन मुलगे वाढवले. थोरला मुलगा बॉयलर आणि इस्त्रीचं बघायचा, धाकटा डिलिव्हरीची गाडी चालवायचा आणि लांबच्या हॉटेलांना माल पोचवताना बरेचदा बाहेर मुक्काम करायचा. सासूबाईंची खरी ख्याती मात्र वेगळीच होती. त्यांना डाग वाचता यायचा. कापड खिडकीशी न्यायचं, उजेडात धरायचं, उलटं करून बघायचं, नखाने जरासं खरवडायचं आणि सांगून टाकायचं, हा चहाचा, हा गंजाचा, हा औषधाचा; हा कालचा आणि हा बरेच दिवस पडून राहिलेला. कामगार आपसात म्हणायचे, "मालकीणबाईंसमोर डबा उघडू नका रे, सांडलंत तर घरी काय भांडण झालं तेसुद्धा सांगतील." डागाच्या बाबतीत त्या कधी खोटं बोलल्या नाहीत. नाही निघणार म्हटलं की नाही निघणार. त्यापायी गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

आणि त्यांचा एक नियम होता. डाग काढायचा, बोलायचा नाही.

एकदा एका साहेबाच्या शर्टाच्या कॉलरला ओठांचा रंग लागलेला दिसला म्हणून एक इस्त्रीवाला खिदळला होता. सासूबाईंनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला. "लोक आपल्याकडे कपडे देतात म्हणजे अब्रू देतात," त्या म्हणाल्या. "आपण तोंड उघडलं तर आपला धंदा बुडेल आणि त्यांचा संसारही." नियम चांगलाच होता, कोण नाही म्हणेल? पण चांगला नियम वाईट जागी नेऊन बसवला की काय अनर्थ होतो, त्याची ही गोष्ट आहे.

त्या सकाळी थोरलीने घरचं बोचकं सोडलं आणि दिराची चड्डी हातात येताच ती थबकली. समोरच्या बाजूला पिवळट, हिरवट झाक असलेला, वाळून कडक झालेला डाग होता.

तिने तो ओळखला. ओळखणारच, कारण हा पहिला नव्हता. दिराचं लग्न ठरलं, खरेदीची धांदल सुरू होती, तेव्हा असे दोन कपडे तिच्या हाती लागले होते. तिने ते गुपचूप भिजवले, चोळले, वाळत टाकले आणि ब्र काढला नाही. पुढे डाग दिसेनासे झाले. गाडीच्या खणात औषधाच्या दुकानातलं एक रिकामं पाकीट सापडलं, तेही तिने टाकून दिलं. मग लग्न झालं आणि धाकटी घरात आली. कोवळी, बडबडी, शिट्टी वाजवत जिना चढणारी पोर. आणि त्याच्याही आधी, फार आधी, थोरलीच्या स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, असाच डाग तिने आपल्या नवऱ्याच्या कपड्यावर पाहिला होता.

"अहो, हे काय?" तिने तेव्हा घाबरत विचारलं होतं.

"उष्णता झाली असेल. धू आणि गप्प बस," नवरा म्हणाला होता.

तिने धुतला आणि ती गप्प बसली. नवरा कुठूनसा सुई टोचून घेऊन आला आणि बरा झाला. तिच्या ओटीपोटात मात्र पुढे कित्येक महिने कळा येत राहिल्या. तिने दुखणं अंगावर काढलं. कळा थांबल्या, पण मूल झालं नाही ते नाहीच. घरात कुणी तोंडावर वांझ म्हणालं नाही, पण कुणाचं बाळ घरी आलं की सासूबाई ते हळूच दुसऱ्या खोलीत घेऊन जायच्या. थोरलीला ते कळायचं. माहेरी आई-वडील उरले नव्हते, भावाचं घर म्हणजे भावजयीचं घर. या घराच्या बाहेर तिला पाय टेकायला जागा नव्हती. ही भीती तिच्या अंगात इतकी मुरली होती की ती मोठ्याने हसतसुद्धा नसे.

तिने सवयीने ती चड्डी बादलीत टाकायला हात पुढे केला, आणि वरच्या न्हाणीघरातून हुंदका ऐकू आला. तोंडात बोळा धरून रडावं, तसा दबलेला.

थोरली जिना चढून धावली. न्हाणीघराच्या दारात धाकटी भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. शेजारी मग होता आणि त्या मगातून पांढऱ्या पाण्याचा वास येत होता.

पांढरं पाणी म्हणजे काय ते सांगायला हवं. चादरी शुभ्र करायचं ब्लीच. खाली त्याचे कॅन रांगेने ठेवलेले असत. या घरात सून आली की सासूबाई तिला बाजूला घेऊन एक मग द्यायच्या आणि कोमट पाण्यात त्याचे थोडे थेंब टाकून आतून धुवायला शिकवायच्या. "बाईमाणसानं वरून कितीही चोळलं तरी काय उपयोग? आतून निर्मळ असावं." थोरलीने वर्षानुवर्षं ते केलं होतं. मग धाकटीचा क्रम आला. आणि गेल्या काही दिवसांत धाकटीच्या अंगाला कसलासा वास येऊ लागला, पातळ, करडं पाणी जाऊ लागलं, तेव्हा सासूबाईंनी थेंब वाढवायला सांगितले.

"वहिनी, आग होते हो," धाकटी थरथरत म्हणाली. "आईंनी सांगितलं तसंच करते मी. जितकं धुते तितका वास वाढतो. आता पोटातही दुखतं. इथे, खाली. चालताना झटका बसतो."

थोरलीने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं.

"भाऊजींना सांगितलंस?"

"सांगितलं. नाक मुरडून पलीकडे तोंड करून झोपले." तिने हाताने नाक पुसलं. "वहिनी, मी घाण आहे का हो?"

थोरलीला तिथल्या तिथे रडू आलं, पण ती रडली नाही. तिने तो मग मोरीत उपडा केला.

दुपारी आणखी वाईट झालं. धाकटीचे कपडे सासूबाईंच्या हाती लागले. त्यांनी ते खिडकीशी नेले, उजेडात धरले, वास घेतला आणि त्यांचा चेहरा कठोर झाला. थोरली जिन्यात उभी राहून बघत होती. सासूबाईंनी फोन उचलला आणि धाकटीच्या वडिलांना सांगितलं, "उद्या येऊन मुलीला घेऊन जा. का ते फोनवर बोलण्यासारखं नाही. आलात की दाखवीन."

उद्या ही पोर बदनाम होऊन, तापाने फणफणत, औषधावाचून या घरातून जाणार. आणि पुढे? पुढे काय होतं ते थोरलीच्या स्वतःच्या रिकाम्या कुशीला पक्कं ठाऊक होतं. धाकटीचं दुखणं कुणी पाहणारच नाही, सगळे तिचं चारित्र्य पाहतील. अन् ज्याने हे घरात आणलं तो आरशासमोर भांग पाडत उभा राहील. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय?

ती खाली आली. बादलीशेजारी पडलेली दिराची चड्डी अजून कोरडीच होती. तिने ती एका जुन्या अभ्र्यात गुंडाळली आणि कपाटाच्या तळाशी, फाटक्या टॉवेलांखाली ठेवली. का ठेवतो आहोत, हे तिचं तिलाही अजून नीट ठरवता येत नव्हतं.

मग ती सासूबाईंकडे गेली. "आई, दवाखान्याचा माल आज द्यायचाय. धाकटीला घेऊन जाऊ का मदतीला? उद्यापासून कुठे ती असणार आहे."

"ने," सासूबाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. ऍप्रनांचे गठ्ठे मागच्या दाराने दिले आणि पुढच्या दाराने दोघी बायकांच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसल्या. डॉक्टरीणबाईंना सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांना त्या शिंकायच्या आणि स्वतःवरच वैतागायच्या. पण धाकटीला तपासायला लागल्यावर त्यांचे हात फार हळुवार झाले. त्यांनी नमुना घेतला, काचेवर लावून आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि परत आल्यावर पहिलाच प्रश्न विचारला, "आत काय घालता?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"बघा, मी ओरडणार नाही. पण आतली कातडी भाजल्यासारखी लाल झालीय. काय घालता?"

"धुते," धाकटी पुटपुटली. "चादरी धुवायचं पाणी. थोडंसंच."

डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. "कुणी शिकवलं?"

"घरची पद्धत आहे," थोरली म्हणाली. हे तोंडातून निघाल्यावर तिलाच लाज वाटली.

"नीट ऐका मग. दुधाला विरजण लावतो ना, त्या विरजणात चांगले जंतू असतात. तसल्याच जातीचे जंतू बाईच्या आत राहतात. ते तिथे थोडी आंबट हवा ठेवतात, म्हणून वाईट जंतूंना थारा मिळत नाही. ते राखणदार आहेत. आतली जागा स्वतःची स्वतः स्वच्छ राहते, तिला साबण नको, औषध नको, काही नको. बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की झालं. तुम्ही त्या राखणदारांनाच मारून टाकलंत. ते मेले की नको ते जंतू माजतात, वास येतो, पाणी जातं. मग बाई म्हणते घाण झाली आणि आणखी धुते. आणि हो, विरजण म्हटलं म्हणून कुणी दही लावायला जाऊ नका. तसल्याही येतात माझ्याकडे." त्या पुन्हा शिंकल्या.

धाकटीला हसावं की रडावं कळेना. "म्हणजे मी काही वाईट केलं नाही?"

"वास आणि पाणी जाण्यात कुणाचंच पाप नसतं, पोरी. कुणालाही होतं, कुमारिकेलाही होऊ शकतं." डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. "पण हा ताप आणि हे ओटीपोटाचं दुखणं वेगळं आहे. राखणदार मेले की दार सताड उघडं राहतं आणि बाहेरचा आजार चटकन शिरतो. हा शरीरसंबंधातून येणारा संसर्ग वाटतोय आणि तो वर, गर्भाशयाकडे चढलाय. तपासणीला पाठवते, पण निकालाची वाट बघायला वेळ नाही. औषध आत्ताच सुरू करायचं."

धाकटी किंचाळलीच. "शरीरसंबंधातून? अहो, माझ्याकडे कुणी आलं नाही! देवाशपथ, ह्यांच्याशिवाय कुणी नाही हो!"

"मी कुठे म्हटलं कुणी आलं? नवऱ्याला काही त्रास आहे?"

धाकटीने मान हलवली. तिला माहीत नव्हतं. थोरलीला माहीत होतं. डाग काढायचा, बोलायचा नाही. इतकी वर्षं पाठ केलेलं ते वाक्य जिभेवर दगडासारखं बसलं होतं. शेवटी ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आहे. त्याच्या कपड्यावर दिसतं. लग्नाआधीही दिसलं होतं. त्याने गोळ्या घेतल्या असाव्यात, अर्ध्यामुर्ध्या."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. त्या नजरेत राग नव्हता, आणि हेच थोरलीला सोसवेना.

"डागावरून रोग ठरत नाही, तपासायला लागतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्याला इथे पाठवा. दोघांनी एकदम औषध घ्यायचं आणि बरं होईपर्यंत जवळ यायचं नाही. नुसतं हिला औषध देणं म्हणजे छत गळत असताना फरशी पुसत बसणं. आणि एक सांगते, उशीर केलात तर गर्भनळ्या चिकटून बंद होतात. मग पोर मूल-मूल करत बसेल आणि लोक तिलाच नावं ठेवतील."

सुई टोचून घ्यायला धाकटी परिचारिकेबरोबर आत गेली. थोरली उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"बाई, एखादीला हेच झालं असेल, फार पूर्वी, आणि औषध मिळालंच नसेल तर?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाला?"

"नवऱ्याने सुई घेतली होती. मला उष्णता आहे म्हणून सांगितलं."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्या जवळ ओढली. मग म्हणाल्या, "नळ्यांची तपासणी करू. काही निघेल, काही नाही. खोटी आशा दाखवत नाही मी. पण तुम्ही वांझ म्हणून जन्मला नव्हतात, एवढं मात्र डोक्यात ठेवा."

परत येताना थोरली मुद्दाम हळू चालली. मरायचं भय परवडलं, पण घरातून हाकलून दिलं जाण्याचं भय फार वाईट. ते जेवतानाही शेजारी बसतं. ती रस्ताभर स्वतःलाच समजावत राहिली: औषध मिळालंय ना पोरीला, मग झालं की. आता गप्प बस. कशाला हात दाखवून अवलक्षण? पण दिराला औषध कोण देणार? आणि धाकटी उद्या टाकलेली म्हणून गेली, तर तिचं ऐकणार कोण?

दुसऱ्या दिवशी धाकटीचे वडील आले. कुलपं दुरुस्त करणारा साधा माणूस, बोटांना तेल लागलेलं. बसा म्हटल्यावर खुर्चीच्या अगदी कडेला बसले. समोर सासूबाई, दाराशी थोरला, खिडकीत मोबाइल चाळत धाकटा दीर. धाकटी भिंतीशी उभी होती. ताप जरा उतरला होता, पण चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

सासूबाईंनी घडी केलेलं कापड टेबलावर ठेवून उलगडलं. "लोकांची धुणी धुण्यात माझा जन्म गेला. डागाचं मला कुणी शिकवू नये. तुमची मुलगी आमच्या घरात निर्मळ आली नाही. मी बाहेर कुठे बोलणार नाही, ती माझी रीत नाही. पण ठेवूनही घेणार नाही."

वडिलांनी त्या कापडाकडे पाहिलंच नाही. शरमेने त्यांची मान खाली गेली. "बाळा," ते म्हणाले, "काय गं हे?"

धाकटीने जोरजोरात नकाराची मान हलवली. दीर खिडकीतून म्हणाला, "मला तर आधीपासूनच शंका होती."

ते वाक्य ऐकलं आणि थोरली जिन्याकडे वळली.

"कुठे चाललीस?" नवऱ्याने विचारलं.

"आलेच," ती म्हणाली. पाहुण्यांसाठी चहा ठेवायला जात असेल, असं सगळ्यांना वाटलं.

खाली कपाटाशी वाकून तिने अभ्रा घाईने ओढला, तसे फाटके टॉवेल सगळे जमिनीवर पडले. पाचावर धारण बसली होती बिचारीची. अजूनही ती चड्डी बादलीत टाकता आली असती. नळ हाताशी होता, साबण हाताशी होता. पाणी सोडलं असतं तर सगळं धुऊन गेलं असतं, एका पोरीच्या आयुष्यासकट. ती अभ्रा छातीशी धरून वर गेली आणि तो टेबलावर, धाकटीच्या कपड्याशेजारी उलगडला.

"आई, एवढा एक वाचा."

"वहिनी!" दीर खिडकीतून उडी मारून आला. "ती माझी आहे! द्या इकडे!"

कुणी विचारायच्या आधीच त्याने सांगून टाकलं होतं.

"हात लावू नकोस," सासूबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण तो मागे सरला.

त्यांनी कापड उचललं आणि नेहमीसारखं खिडकीशी नेलं. उजेडात धरलं, उलटं केलं, नखाने खरवडलं. थोरलीला वाटलं, आता त्या म्हणतील हा तेलाचा आहे, गाडीचं ग्रीस आहे. म्हटलं असतं तर खोलीतल्या कुणाची टाप होती त्यांना खोडून काढायची? पोटचा पोरगा समोर उभा होता.

"वाळून पुन्हा ओला झालाय," त्या म्हणाल्या. "पुन्हा पुन्हा येतोय." आणि मग कापड हातात घेऊनच त्या खुर्चीत बसल्या.

"लग्नाआधी असेच दोन मी धुतले," थोरली म्हणाली. एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "मी बोलले नाही, आई. बोलले असते तर ही पोर वाचली असती. काल आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. हिला दोन गोष्टी झाल्यात. आपल्या पांढऱ्या पाण्याने आतले चांगले जंतू मेले, आणि भाऊजींनी आणलेला आजार त्या उघड्या दाराने आत गेला. नुसत्या डागावरून काही ठरत नाही, असं बाई म्हणाल्या. पण सुनेचा डाग साक्षीला चालत असेल, तर मुलाचाही चालला पाहिजे."

"तोंड बंद कर!" थोरला दारातून गरजला. "आत्ताच्या आत्ता बंद कर, नाहीतर चालती हो घरातून!"

हे ऐकण्याच्या भीतीत तिने सगळं आयुष्य काढलं होतं. आता ते कानावर पडलं, आणि ती अजून उभीच होती.

"जाईन," ती म्हणाली. "पण तुमचाही धुतलाय मी. उष्णता म्हणून. तुम्ही सुई घेऊन मोकळे झालात, मला कुणी दिली नाही. मला मूल का नाही, हे आईंना तुम्ही सांगता की मी सांगू?"

थोरल्याचा चेहरा उतरला. सासूबाईंनी मान वर करून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. दोघांपैकी एकाचीही नजर वर येईना. पोरं लहान असताना काही फोडलं की अशीच उभी राहायची.

"तुमच्या वडिलांचे मी धुतले," सासूबाई म्हणाल्या. हे त्या नक्की कुणाला सांगत होत्या ते कळलं नाही. "तुम्ही दोघं त्याआधीच झाला होतात. मला कळा यायच्या. कुणाला सांगणार? पांढऱ्या पाण्याने तेव्हापासून आतून धुवायला लागले. मला वाटलं, त्यानेच मी वाचले. म्हणून पोरींना शिकवलं."

कुलूपवाले वडील उठले. त्यांनी टेबलावरचं आपल्या मुलीचं कापड घडी करून खिशात घातलं. "चल बाळा, घरी," ते म्हणाले.

"येते बाबा," धाकटी म्हणाली. इतका वेळ ती बोलली नव्हती. आता तिचा आवाज चिरकत होता, पण ऐकू येत होता. "पण मला टाकली म्हणून नाही. बरी व्हायला येतेय. ह्यांनी तपासून घ्यायचं, औषध घ्यायचं आणि डॉक्टरीणबाईंनी बरे झालेत म्हटलं की मग मला विचारायचं. यायचं की नाही ते तेव्हा मी ठरवीन."

जाताना तिने वाकून थोरलीचा हात धरला आणि काहीच न बोलता सोडला. थोरलीला वाटलं होतं ती जाब विचारेल. विचारायला हवा होता, असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

त्या दिवसापासून थोरलीने घरचं बोचकं निवडणं बंद केलं. "गिऱ्हाइकांचं सगळं धुईन," तिने सांगून टाकलं, "घरातल्या पुरुषांनी आपले आतले कपडे आपण धुवायचे." नवऱ्याने धुसफूस केली, बोलणं टाकलं, ताट सरकवलं. ती वेगळ्या खोलीत झोपू लागली. भीती काही गेली नव्हती. जिन्यावर त्याचं पाऊल वाजलं की अजूनही ती हातातलं काम थांबवून कान द्यायची. पण तो तिला चालती हो म्हणाला नाही, कारण सासूबाई प्रत्येक जेवणाला आता थोरलीच्या शेजारी बसत होत्या.

मागच्या नळावर एक दिवस दीर कपडा चोळताना दिसला. तपासणीहून आला होता, गोळ्या सुरू होत्या. बादलीतून वाफा निघत होत्या आणि तो दातओठ खाऊन घासत होता. सासूबाई तिथून जाताना थांबल्या.

"गरम पाणी कशाला घेतलंस? गरम पाण्याने असला डाग पक्का बसतो. जन्म गेला या घरात, एवढंही ठाऊक नाही?" त्या म्हणाल्या, आणि मदत न करता पुढे निघून गेल्या.

थोरलीच्या नळ्यांच्या तपासणीचा दिवस आला. निघताना तिने पाहिलं, तर सासूबाई चपला घालून जिन्याखाली उभ्या होत्या. दवाखान्याच्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. आत काय निघेल, काही निघेल की नाही, या विचारात थोरली सारखं पदराचं टोक पिळत होती. सासूबाईंनी आपला खरखरीत, पाण्याने सुरकुतलेला हात तिच्या हातावर ठेवला.

परिचारिका बाहेर आली. "पेशंट कोण?"

"दोघी," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचीही तक्रार आहे, आजी? काय होतंय?"

बाकावर आणखी बायका बसल्या होत्या. त्या ऐकत होत्या. जन्मभर दुसऱ्याचा आणि आपला एकही डाग बोलून न दाखवलेल्या त्या बाईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ती बाकावर नीट सरसावून बसली.

"सांगते," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगते. यांनाही ऐकू दे."